गुळाच्या डब्याला कुलूप

निपाणीजवळच्या एका गावातून एका भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून मजकूर थोडक्यात देते. त्यांच्या सासूबाई ६३ वर्षांच्या. उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं, मिश्रीची सवय तिथलीच. अकरा वर्षांपासून शुगर. गोड बंद आहे, चहा बिनसाखरेचा, गोळ्या वेळेवर; तरी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी वर्षभरात ८.१ वरून ९.४ वर गेली. डॉक्टर आता इन्सुलिन सुरू करू म्हणतात. खालचे पुढचे दात हलतात, दोन दाढांपासून पू येतो. भाकरी सुटली आहे; भात-आमटी आणि चहात बुडवलेलं मैद्याचं बटर यावर भागतं. दातांच्या डॉक्टरांनी 'शुगर कमी करून आणा, मग दात काढू' असं सांगून परत पाठवलं. सासूबाई म्हणतात, 'समदंच काढून टाका, कवळी बशिवली की झालं.' पती कागलला कंपनीत कामाला आहेत. शुगरमध्ये दाताला हात लावायचा नाही असं त्यांचं म्हणणं. शिवाय सासूबाई चोरून गोड खातात असा घरात सगळ्यांना संशय आहे. म्हणून भगिनींनी गुळाच्या डब्याला कुलूप लावलं, आणि तेव्हापासून सासू-सुनेत अबोला आहे. त्या विचारतात : "त्यांचं चोरून खाणं थांबवू कसं? आणि शुगर खाली येईपर्यंत दातांचं काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रात गुळाचा डबा चार वेळा आला आहे आणि पू एकदाच, तोही जाता जाता. हे उलटं असायला हवं होतं. घरातल्या एका माणसाच्या तोंडातून रोज सकाळी पू येतोय आणि सगळं घर त्या माणसाच्या हातांवर नजर ठेवून आहे. तुम्हाला बोल लावायचा म्हणून हे लिहीत नाही. शुगर वाढली म्हणजे गोड खाल्लं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि आकडा चढला की पहिला हात डब्याकडे जातो. दवाखान्यातही पहिला प्रश्न तोच असतो, 'आजी, काय काय खाल्लं?'

सासूबाई चोरून खात असतील का? असतीलही. अकरा वर्षं पथ्य पाळणारं माणूस कधीतरी करदंटाचा तुकडा तोंडात टाकत असेल, त्यात नवल नाही. पण तुम्ही स्वतःच लिहिलेल्या दोन गोष्टी आधी एकमेकींशेजारी ठेवून बघा. भाकरी सुटली, आणि वर्षभरात शुगर वाढली.

ज्वारीची भाकरी चावायला दाढ लागते. दाढ हलायला लागली, ठणकायला लागली, तशी भाकरी गेली. भाकरीबरोबर कांदा, काकडी, मुळा गेला, मटकीची उसळ गेली, मूठभर शेंगदाणे गेले. ताटात उरला मऊ भात, पातळ आमटी आणि मैद्याचं बटर. यात गुळाचा खडाही नाही, तरी रक्तातली साखर भराभर चढते. म्हणजे शुगर वाढवणारं ताट रोज घरातूनच वाढलं जातंय, तेही मायेपोटी, त्यांना चावता येत नाही म्हणून. त्यांनी भाकरीचा पापुद्रा सोडून कडक भाग शेवटचा कधी खाल्ला, हे आज विचारून बघा. त्या उत्तरातून तुम्हाला कुलपापेक्षा जास्त कळेल.

आता पुवाकडे येऊ.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर खोल. आम्ही दंतवैद्य ती मोजतो तेव्हा बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई तिथे अलगद सरकवतो. चांगल्या हिरडीत ती लगेच अडते. तुमच्या सासूबाईंसारख्या तोंडात ती अडतच नाही. चार, पाच, सहा, सात. अर्धं मूळ ओलांडून आत जाते. बाहेर काढली की टोकाला रक्त असतं आणि दाण्याएवढा पिवळा पू. माणसाला फारसं दुखतही नाही, 'हां, थोडं टोचलं' एवढंच. म्हणून तर दहा-दहा वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. असे खिसे पंचवीस दातांभोवती असतील आणि त्यांच्या आतल्या भिंती उलगडून एका जागी मांडल्या, तर दोन-तीन चौरस इंचांची ओली जखम होईल. एवढी जखम सासूबाईंच्या पायाच्या तळव्याला असती तर तुम्ही त्याच दिवशी गाडी करून त्यांना दवाखान्यात नेलं असतं. शुगरवाल्यांनी पाय जपायचे हे आता गावोगाव माहीत झालंय. तोंड जपायचं, हे अजून कुणी सांगत नाही.

या खिशांत राहतं कोण, तेही थोडं सांगते, कारण ते कळलं की 'चूळ भरली, लवंग लावली, झालं' यावरचा विश्वास आपोआप कमी होतो. तोंडात जिवाणूंच्या शेकडो जाती असतात आणि बहुतेक बिचाऱ्या निरुपद्रवी. दातावर रोज त्यांचा चिकट थर बसतो. ब्रश जिथे पोचत नाही तिथे काही दिवसांत तो कडक होतो, त्यालाच आपण कीटण म्हणतो. कीटणाच्या खडबडीत कडेला आणखी थर चिकटतो, हिरडी सुजते, फट खोल होते. खोल जागी हवा पोचत नाही, आणि मग ज्यांना हवा सोसत नाही त्या जातींचं फावतं. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जिवाणू त्यांतला म्होरक्या. हिरडीतली प्रथिनं कातरणारी विकरं तो तयार करतो. ट्रेपोनेमा डेंटिकोला आणि टॅनेरेला फोरसिथिया हे त्याचे दोन सोबती. खोल, रक्त येणाऱ्या खिशांत हे तिघे बहुतेक वेळा एकत्र सापडतात, म्हणून १९९८ साली सॉक्रान्स्की या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांना 'लाल गट' असं नाव दिलं.

हे तिघे खिशात गप्प बसत नाहीत. घास चावताना, ब्रश करताना त्यांचे अंश त्या ओल्या जखमेतून रक्तात उतरतात. शरीर त्यांच्याशी लढतं, आणि लढताना काही रसायनं सोडतं : टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी त्यांची नावं. हीच रसायनं यकृतात आणि स्नायूंत इन्सुलिनच्या कामात खोडा घालतात. मग गोळी तीच, वेळ तीच, तरी शरीर तिला पूर्वीसारखी दाद देत नाही. ताप आला, गळू झालं की शुगरवाल्याची साखर वाढते, हे तुम्ही घरात पाहिलं असेल. हिरड्यांचं दुखणं म्हणजे बारा महिने तेरा काळ चालणारं गळू.

आणि हे उलट्या दिशेनेही चालतं. साखर बराच काळ चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, हिरडीची झीज भरून येत नाही, लाळ आटते. जंतू तेवढेच असले तरी शुगरवाल्याच्या जबड्याचं हाड जास्त झिजतं. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हिला नदीकाठी राहणाऱ्या पिमा लोकांमध्ये मधुमेह फार. त्यांची वर्षानुवर्षं तपासणी केल्यावर दिसलं की मधुमेहींमध्ये हिरड्यांचा हा आजार इतरांच्या जवळजवळ तिप्पट आहे. १९९३ साली हाराल्ड ल्यो या दंतवैद्याने त्याला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटलं. डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा हे आधीचे पाच. आपल्याकडे माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात प्रमेहाची, म्हणजे मधुमेहासारख्या आजाराची, पूर्वलक्षणं सांगताना दातांवर मळ साठणं सांगितलेलं आहे. तेव्हाच्या वैद्यांना जंतू माहीत नव्हते, पण रोग्याला 'तोंड उघड' म्हणायची त्यांना सवय होती. भारतात आज दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि साखर तपासताना त्यांतल्या किती जणांना कुणी तोंड उघडायला सांगत असेल, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

मग हिरड्या साफ केल्या की शुगर खाली येईल का? येते, पण किती ते नीट ऐका, म्हणजे पुढे निराश व्हायची वेळ येणार नाही. वैद्यकातल्या चाचण्या पडताळून बघणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे; जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०२२ साली तिचा एक आढावा प्रसिद्ध झाला. हिरड्यांचे उपचार केलेल्यांची एचबीए१सी तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ ने कमी दिसली, आणि ज्यांचा वर्षभर मागोवा घेतला त्यांच्यात साधारण ०.५ ने. त्याआधी २०१३ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत फरक दिसलाच नव्हता, हेही खरं. म्हणजे ९.४ चे ९ होतील अशी आशा धरायला हरकत नाही, ९.४ चे ७ नुसत्या सफाईने होणार नाहीत. एवढासा आकडा म्हणून तो टाकून देऊ नका. डॉक्टर शुगरची एखादी जादा गोळी सुरू करतात तेव्हा कित्येकदा एवढ्याच फरकाची अपेक्षा असते. शिवाय पू थांबेल, वास जाईल, दाढ थोडी घट्ट झाली तर भाकरी परत येईल. भाकरी परत आल्याने जो फरक पडेल तो वेगळा.

आता दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. दात काढणं म्हणजे हाडात जखम करणं. शुगर फार चढलेली असेल तर ती जखम चिघळू शकते, म्हणून तातडी नसेल तर थांबतात. पण थांबायचं ते दात काढायला. हिरड्यांच्या सफाईला थांबायचं नाही. कीटण काढणं, खिशांतून मुळं घासून घेणं हे काम चढ्या शुगरमध्येही काळजीपूर्वक करता येतं, आणि पू असेल तर ते लवकर करावंच लागतं. ज्या कारणाने शुगर उतरत नाही त्यातलं एक कारण तोंडात तसंच ठेवून शुगर उतरायची वाट बघत बसणं, यात वर्षं जातात आणि दातही.

हे मी दुसऱ्यांवर बोट ठेवून बोलत नाही. दवाखाना सुरू केल्यावर कित्येक वर्षं मीही तेच करायचे. संकेश्वरकडून एक बाई यायच्या, पिशवीत रिपोर्टची घडी घातलेली. दर खेपेला मी आकडा बघायचे आणि म्हणायचे, 'अजून थोडी खाली येऊ दे.' दर खेपेला त्या मान डोलावून बस धरायच्या. दीड वर्षाने मी त्यांचं तोंड नीट तपासलं तेव्हा वाचवता आले असते असे सहा दात हातचे गेले होते. त्या रागावल्या नाहीत. 'तुमीच म्हणला हुतासा की,' एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून शुगर जास्त आहे म्हणून मी कुणाची सफाई पुढे ढकलली नाही.

'समदंच काढून टाका' या सासूबाईंच्या म्हणण्यामागचा कंटाळा मला पुरता समजतो. दात गेले की खिसे जातात, तेवढ्यापुरतं त्यांचं खरंही आहे. पण कवळीने चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या साधारण पाव हिश्शाएवढाच राहतो. म्हणजे ज्या भाकरीसाठी हा सगळा खटाटोप, ती कवळीने नीट परत येणार नाही. दात गेल्यावर जबड्याचं हाड खचत जातं, खालची कवळी सैल होते. शुगरमध्ये तोंड कोरडं, त्यामुळे कवळीखाली सोलवटतं, बुरशी धरते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एक्स-रे काढून प्रत्येक दाताचा वेगळा निवाडा व्हावा. जो दात सगळीकडून लदलदतो, दाबलं की खाली-वर होतो, तो जाऊ द्या. जो नुसता हलतो, त्याची हिरडी आधी साफ करून दोन-तीन महिने बघा. सूज उतरल्यावर दात पुन्हा घट्ट झालेले मी शेकड्यांनी पाहिले आहेत. शेवटी कवळी लागलीच, तर कर्नाटक सरकारची दंत भाग्य योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या वयस्कर माणसांना तिच्यातून मोफत कवळी मिळते. रेशन कार्ड दाखवून चौकशी करा.

मिश्रीबद्दल थोडं सविस्तर लिहिणार आहे, कारण निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात ही एकट्या तुमच्या घरातली गोष्ट नाही. वखारीत दिवस-दिवस तंबाखूत बसलेल्या बायकांनी तव्यावर भाजलेल्या तंबाखूची चिमूट तोंडात धरली ती भूक मारायला, दात शिवशिवायचे थांबायला, आणि सकाळी पोट साफ व्हायला. सासूबाई तुम्हाला म्हणाल्या असतील, 'मिश्री लावली की रक्त येत न्हाई.' बरोबर आहे. तंबाखूतल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसतं. आतला आजार मात्र वाढतच असतो. दारावरची घंटा काढून ठेवली म्हणून चोर यायचा थांबत नाही, तसं आहे हे. शिवाय जिथे रोज बोट फिरतं तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. म्हणूनच १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला तो कायदा लागू पडत नाही, एवढाच काय तो फरक.

पण ताई, मिश्रीची डबीही कुलपात टाकू नका. चाळीस वर्षांची सवय हिसकावून घेतली की माणूस शेजारणीकडे जाऊन लावतं. आधी त्यांना एक गोष्ट सांगून ठेवा : मिश्री सोडल्यावर पहिले काही आठवडे हिरड्यांतून रक्त जास्त येईल. हे कुणी आधी सांगत नाही, मग रक्त बघून बाया घाबरतात आणि 'मिश्रीच बरी होती' म्हणून परत डबी उघडतात. ते रक्त म्हणजे दबलेली सूज वर दिसायला लागली आहे. सफाई झाली आणि ब्रश नीट चालला की ते थांबतं. पोट साफ होत नाही ही तक्रार खरी असते, तिला हसू नका. उठल्यावर गरम पाणी, थोडं चालणं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून काही दिवस औषध. तंबाखू सोडायला मदत करणारी मोफत सरकारी फोनसेवा १८००-११-२३५६ या नंबरवर आहे. पहिला फोन तुम्ही लावून द्या आणि मग फोन त्यांच्या हातात देऊन बाजूला व्हा.

इन्सुलिनचं म्हणाल, तर हिरड्या साफ होईपर्यंत इन्सुलिन नको, असा अर्थ माझ्या लिहिण्यातून काढू नका. ९.४ ही सरासरी डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना चांगली नाही. डॉक्टर सुरू करा म्हणत असतील तर करा. इन्सुलिन म्हणजे पथ्य मोडल्याची शिक्षा, असं सासूबाईंना वाटत असेल, आणि घरातल्या संशयामुळे तर नक्कीच वाटत असेल. ते त्यांच्या मनातून काढायचं काम तुमच्या नवऱ्याने करावं. आई मुलाचं ऐकते म्हणून नव्हे. 'शुगरमध्ये दाताला हात लावायचा नाही' हा नियम त्यांनी घरात आणला आहे, तो त्यांनीच मागे घ्यायला हवा.

आता जायचं कुठे. गावाजवळचे तेच दातांचे डॉक्टर सफाई करायला तयार असतील तर उत्तमच. त्यांना सरळ विचारा : 'दात काढायचे नंतर बघू, हिरड्यांची खोलवर सफाई आत्ता कराल का?' नाहीतर बेळगावात नेहरूनगरला केएलईचं दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचंही आहे. अशा ठिकाणी हिरड्यांचा वेगळा विभाग असतो, खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो, फक्त वेळ हाताशी ठेवून जायचं. एका दिवसात होणारं काम नाही, तीन-चार खेपा धरून चला. तपासणारी मुलं-मुली कुठून कुठून शिकायला आलेली असतात. सगळ्यांना मराठी येईलच असं नाही. सीमाभागातल्या आपल्या बाया इथेच अडतात, काय होतंय ते सांगता येत नाही म्हणून 'काय न्हाई, बरं हाय' म्हणून उठून येतात. सासूबाईंना थोडंफार कन्नड येत असेलच. हिरडीला वसडु म्हणतात, दाताला हल्लु, आणि रक्ताला रक्तच. तेवढ्याने काम भागतं. बाकीचं तुम्ही चिठ्ठीवर लिहून न्या : शुगर किती वर्षं, शेवटची एचबीए१सी, कुठल्या गोळ्या, बीपी आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का. गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्यायची ती सगळीच. बीपीच्या अम्लोडिपिनसारख्या गोळीनेही कुणाकुणाची हिरडी सुजते, ते डॉक्टरांना कळायला हवं.

उपाशी नेऊ नका. दवाखान्यात जायचं म्हणून सकाळपासून काही न खाता, शुगरची गोळी मात्र घेऊन निघालेल्या बाया रांगेत घाम फुटून खाली बसलेल्या मी पाहिल्या आहेत. रोजच्या वेळी नाश्ता, रोजच्या वेळी गोळी, सकाळचीच वेळ, आणि पिशवीत ग्लुकोजची पुडी किंवा साखर. हो, साखर. हातपाय थरथरायला लागले तर तीच औषध.

शुगरच्या डॉक्टरांना दातांची चिठ्ठी दाखवा, दातांच्या डॉक्टरांना शुगरची. दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत, त्यांच्यामधला निरोप्या तुम्हालाच व्हावं लागेल. सफाई पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा, आधी केली तर फरक दिसायचा नाही. त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी हिरड्या दाखवायच्या. एकदा खिसे झालेल्या तोंडात ते जंतू परत वस्ती करतात. मधल्या काळात गाल किंवा हनुवटीखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठा दवाखाना गाठा. मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणून आठवडा काढू नका. तिने पू दोन दिवस दबतो. कीटण जिथल्या तिथे राहतं.

घरी करायचं ते साधं आहे. मऊ ब्रश, रात्री झोपताना आणि सकाळी, हिरडीच्या कडेवर थोडा तिरपा धरून, हळू, दोन मिनिटं. हलणाऱ्या दातांना ब्रश लावायला माणूस भितो, तिथेच जास्त गरज असते. दातांमधल्या मोठ्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, डॉक्टरांकडून त्याचा आकार ठरवून घ्या. औषधी पाण्याच्या गुळण्या सांगितल्या असतील तेवढेच दिवस. क्लोरहेक्सिडिन महिनोन्‌महिने वापरलं तर दात डागाळतात, चव जाते.

दाढा सावरेपर्यंत ताटाचंही बघा. भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून, मऊ शिजवलेली मटकी, मुगाचं धिरडं, किसलेली काकडी, शेंगदाण्याचं कूट, अंडं चालत असेल तर अंडं. भात अर्धा करा. बटर बंद करा. ते गोड लागत नाही म्हणून कुणाला त्याचा संशय येत नाही.

आणि ते कुलूप. आज रात्री काढा, आणि न बोलता काढू नका. त्यांच्याजवळ बसून सांगा की शुगर वाढायचं कारण तोंडातही आहे असं कळलंय, आणि आपण चोरी धरली ते चुकलं. पुढे कधी त्यांनी खरोखरच गूळ खाल्ला, तरी या वाक्याची किंमत कमी होत नाही. अबोला धरलेलं माणूस तोंड उघडून दाखवत नाही, आणि तुम्हाला तर रोज रात्री त्यांच्या हिरड्या बॅटरी लावून बघायच्या आहेत.

शेवटचं एक. पत्राच्या तळाशी तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंय, 'मलाही ब्रश करताना रक्त येतं, पण ते नेहमीचंच.' नेहमीचं असलं तरी ते ठीक नाही, ताई. ४१ व्या वर्षी हिरडीतून रोज रक्त येत असेल तर हिरड्याही दाखवायच्या आणि एकदा साखरही तपासायची. तुमच्या नवऱ्याची आई शुगरवाली, म्हणजे त्यांनीही सुट्टीच्या दिवशी रक्त द्यायला हवं. पण ते पुढच्या खेपेला जमेल. या खेपेला बेळगावच्या खिडकीवर उभ्या राहाल तेव्हा दोन केसपेपर काढा, एक सासूबाईंचा आणि एक तुमचा.